नळीवरचं नाव

निवडणूक जाहीर झाली की आमची रायफल पोलीस ठाण्यात जाते. लहानपणापासून मी हे बघत आलेय. बाबा आधी तिला तेलाचा हात द्यायचे, मग आजीच्या जुन्या घोंगडीत गुंडाळायचे आणि वरून सुतळीचे चार वेढे घ्यायचे. रिक्षात ती मांडीवर आडवी घेऊन बसायचे. ठाण्यातून मिळालेली पावती देव्हाऱ्याजवळच्या पंचांगात जायची. निकाल लागून आचारसंहिता उठली की तीच घोंगडी घेऊन तिला परत आणायचं. घरात तिला कुणी रायफल म्हणत नसे. 'आजोबांची दुनळी' म्हणत.

तिचा बार मी कधी ऐकला नाही. मला कळू लागायच्या आधीच काडतुसं संपली होती. लाल-पिवळ्या पुठ्ठ्याचं, 'कायनॉक' नावाचं एक रिकामं खोकं तेवढं उरलं होतं आणि आत्या त्यात शिवणाच्या बॉबिनी ठेवायची.

बाबा गेले आणि दुनळी वारसाहक्कानं माझ्या नावावर करायची वेळ आली. अर्जात हत्याराच्या माहितीत एक रकाना असतो, बनवणाऱ्याच्या नावाचा. बाबांनी प्रत्येक नूतनीकरणाला तिथं 'आर्मी अँड नेव्ही' लिहिलं होतं, कारण दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर तेच कोरलेलं आहे. मीही तेच लिहिलं. कचेरीतल्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "ताई, ही मिलिटरीची आहे का? सैन्याचं हत्यार खासगी परवान्यावर कसं चढेल?" त्यांचा प्रश्न रास्त होता. बनवणारा नक्की कोण, याचा लेखी खुलासा द्या, म्हणाले. मला तोंडी उत्तरसुद्धा देता आलं नाही. इतकी वर्षं जिच्या घोंगडीची गाठ मी सोडली-बांधली, तिच्या जन्माचं मला काहीच ठाऊक नव्हतं. ते त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला फार लागलं.

आमच्या घरात तिची एकच गोष्ट सांगितली जायची. आजोबा कोल्हापूर संस्थानच्या जंगलखात्यात होते, राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला. तो मुलूख छत्रपतींच्या राखीव शिकारीचा. आजोबांच्या कामावर खूश होऊन महाराजांनी त्यांना ही दुनळी बक्षीस दिली, असं आत्या सांगायची, बाबा सांगायचे, आणि चौथीत असताना निबंधात मीही लिहिलं होतं.

नळीवरचं नाव मात्र महाराजांचं नव्हतं. आणि ते मी अर्जात भरण्याच्या कितीतरी आधी, रोज, दुसऱ्याच ठिकाणी वाचत होते.

बावीस वर्षं मी मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी केली. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आणि वॉटसन हॉटेलची ती जुनी लोखंडी सांगाड्याची इमारत यांच्या मधे एक दगडी इमारत आहे, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग. जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोरून कितीदा गेले असेन. तिथं कधीतरी लष्कराची कचेरी असेल, असं मी गृहीत धरलं होतं. म्हणजे कचेरीतल्या त्या गृहस्थांची आणि माझी समजूत एकच होती.

ती लष्कराची कचेरी नव्हतीच. ते दुकान होतं. १८७१ साली लंडनमध्ये काही लष्करी आणि आरमारी अधिकारी एकत्र आले. दारू एकेक बाटली महाग पडते, पेट्याच्या पेट्या घाऊक भावानं घेऊन आपसात वाटल्या तर स्वस्त पडेल, एवढाच मूळ विचार. त्यातून सहकारी संस्था झाली, आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. वेस्टमिन्स्टरमधल्या १०५, व्हिक्टोरिया स्ट्रीट या पत्त्यावर तिचं भांडार उभं राहिलं. सभासद असेल त्यालाच माल मिळायचा. साबण, तंबू, खोगीर, पियानो, औषधं, बंदुका, सगळं एका जाडजूड यादीतून मागवायचं. हिंदुस्थानात नेमणूक झालेला तरुण लेफ्टनंट बोटीवर चढण्याआधी तिथून सामान बांधून घ्यायचा. मग १८९१ मध्ये संस्थेनं मुंबईतच शाखा काढली. आमच्या दुनळीच्या पट्टीवर नावापुढे जी तीन अक्षरं आहेत, 'सी. एस. एल.', ती याच सहकारी संस्थेची. बाबा त्याचा अर्थ 'कमांडिंग'-काहीतरी असा लावायचे.

ही तीन अक्षरं मला पहिला धागा देऊन गेली. १९३४ मध्ये संस्थेचं रूपांतर साध्या कंपनीत झालं आणि नावातून सोसायटी गेली. म्हणजे ज्या बंदुकीवर 'सी. एस. एल.' आहे ती त्याआधीची. पण दुकान म्हणजे बनवणारा नव्हे. सोनाराच्या डबीवर पेढीचं नाव असतं, ठुशी घडवणाऱ्या कारागिराचं नसतं, तसंच हे.

खुलासा तर हवा होता. रायफल तेव्हा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेव म्हणून होती, कारण परवाना नावावर होईपर्यंत ती घरी ठेवता येत नाही. त्या दुकानात मागच्या खोलीत एक वयस्क मिस्त्री बसतात. त्यांचे वडीलही हेच काम करत. मी त्यांना म्हटलं, हिच्यावर कुठं खरं नाव आहे का बघाल? त्यांनी काहीच न बोलता टेबलावर फ्लॅनेल पसरलं, नळ्यांखालचा लाकडी तुकडा चिमटीनं सोडवला, वरची कळ अंगठ्यानं फिरवली, आणि नळ्यांची जोडी दस्त्यापासून अलगद वेगळी करून उलटी ठेवली. जन्मल्यापासून ओळखीची ती वस्तू मी पहिल्यांदाच उघडी बघितली.

नळ्यांच्या बुडाशी दोन चपट्या बाजू असतात. दस्त्यात बसल्यावर त्या झाकल्या जातात. सगळं लिखाण तिथं होतं. छोटे छोटे मुकुट, मुकुटाखाली इंग्रजी जोडाक्षरं, आकडे, ठोकलेले क्रमांक. मिस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसून भिंग माझ्या हातात दिलं. "बाहेरचं नाव गिऱ्हाइकासाठी," ते म्हणाले. "आतलं आपल्यासाठी."

ते मुकुट म्हणजे परीक्षेचे शिक्के. विलायतेत नळी विकण्याआधी तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त भाराचं काडतूस उडवून बघायचं, फाटली नाही तर शिक्का मारायचा, हा कायदा आहे. असं तपासणारी घरं दोनच, एक लंडनला आणि एक बर्मिंगहॅमला. बर्मिंगहॅमचं १८१३ च्या कायद्यानं झालं आणि बॅनबरी स्ट्रीटवर ते आजही चालू आहे. आमच्या नळ्यांवर मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' आणि 'एनपी' अशी अक्षरं होती. ती बर्मिंगहॅमची, आणि १९०४ नंतरच्या पद्धतीची. त्याआधी तिथं एकमेकांना छेद देणारे दोन राजदंड ठोकत. १९२५ च्या नियमांनी आणखी खुणा आल्या, त्या इथं नाहीत. पट्टीवर लंडनचा पत्ता कोरलेली आमची दुनळी लंडनची नव्हतीच, आणि १९०४ ते १९२५ या एकवीस वर्षांत कधीतरी जन्मली होती. भिंग खाली ठेवताना माझा हात थोडा कापत होता. इतक्या वर्षांनी कुणाचं तरी जन्मगाव सापडावं, तसं झालं.

शिक्क्यांच्या बाजूला आकडे होते, भोकाच्या मापाचे, इंचाच्या हजाराव्या भागांत. ४५०/४००. परवान्यावर मात्र नुसतं ४५०, आणि त्या एका फरकापायी बाबांना मागे एकदा बरेच हेलपाटे पडले होते. हा जोडआकडा वाचायचा कसा? ४५० बोअरच्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून ४०० ची करायची, आणि त्यात बारीक गोळी बसवायची. दारूला जागा मोठी, गोळी सडपातळ, म्हणून वेग जास्त. वाघ, अस्वल, गवा यांच्यासाठी हिंदुस्थानात हे माप फार चाललं.

ते चालण्यामागे आणखी एक कारण होतं आणि ते मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावून गेलं. ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल ४५० ची. सरहद्दीवर चोरीला गेलेल्या, लुटलेल्या मार्टिनी शेकड्यांनी फिरत होत्या, आणि शिकारी काडतुसांतल्या ४५० च्या गोळ्या त्यांना चालायच्या. म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात ४५० बोअरचा माल आणायला बंदी घातली. मोठ्या शिकारी रायफलींच्या बाजाराला तो धक्का होता. हॉलंड अँड हॉलंडनं ४६५ काढली, कुणी ४७०, कुणी ४७५. जंगलातल्या जनावरांशी या मापांचा काही संबंध नव्हता. राज्यकर्त्यांच्या भीतीनं ती जन्माला घातली. ४०० ची गोळी मार्टिनीला बसत नव्हती, म्हणून आमच्या दुनळीच्या जातीला दार उघडं राहिलं. स्वातंत्र्यानंतरही हा वारसा आपल्याकडे आहेच. लष्करी ३०३ सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून ईशापूरच्या कारखान्यानं ३१५ ची शिकारी रायफल दिली, आणि तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीला बनतात. १८६९ पासूनचा तो कारखाना. लोकलनं खडकी स्टेशन ओलांडताना आता मला ते आठवतं.

त्याखाली आणखी दोन संख्या: ६० आणि ४००. साठ ग्रेन कॉर्डाइट, चारशे ग्रेनची गोळी. म्हणजे जेमतेम चार ग्रॅम दारू आणि सव्वीस ग्रॅमच्या आसपास शिसं. हे प्रमाण नळीवरच का ठोकायचं? मिस्त्रींनी तेव्हा जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचत गेले, त्यासाठी तरी मी या सगळ्या खटाटोपाची ऋणी आहे.

दोन नळ्यांची रायफल दिसते तशी नसते. नळ्या एकमेकींना समांतर नसतात, पुढे थोड्या जवळ येतात. उजवी नळी उडाली की धक्क्यानं रायफल उजवीकडे आणि वर उसळते, डावी उडाली की डावीकडे. त्या उसळण्याचा हिशेब धरून दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडायला हव्यात. हे गणितानं पूर्ण सुटत नाही. नळ्या तोंडाशी कथिलाच्या डाकानं जोडतात आणि मधे एक बारीक पाचर ठेवतात. मग एक माणूस बाहेर मैदानात निशाणीवर गोळ्या झाडतो. उजवी इथं पडली, डावी तिथं. तो परत येतो, डाक तापवून मऊ करतो, पाचर केसभर आत ढकलतो किंवा बाहेर ओढतो, थंड होऊ देतो, पुन्हा जाऊन झाडतो. पुन्हा तापवतो. दोन्ही नळ्यांचं एकमत होईपर्यंत हे चालतं. आणि ते एकमत एकाच काडतुसापुरतं असतं. साठ ग्रेन, चारशे ग्रेन. दारू बदलली की नळ्या पुन्हा आपापल्या वाटेनं जातात. नळ्यांवर कोरलेल्या त्या दोन संख्या म्हणजे त्या मैदानातल्या माणसानं लावून दिलेला सूर आहे. तंबोरा जुळवणाऱ्याला त्या माणसाचं काम लगेच समजेल.

त्या माणसाचं नाव कुठंच नाही.

मिस्त्रींचं बोट मात्र दुसऱ्याच जागी होतं. नळ्यांच्या मागच्या टोकाला, वरच्या बाजूला, एक छोटी पोलादी जीभ बाहेर आलेली असते. "ही बघा," ते म्हणाले, "कळ फिरते तशी आतला आटेदार खिळा हिला वरून आवळत जातो. झिजला तरी थोडा पुढे फिरून पकड धरतो. ही जीभ बघितली की आमचे वडील न वाचता सांगायचे, वेब्ली." आणि खरंच, दस्त्यातल्या पोलादावर, जिथं नळ्या बसतात त्या सपाटीवर, पंख फुटलेल्या गोळीचं एक चिमुकलं चिन्ह होतं. ते वेब्लीचं.

वेब्ली म्हटलं की आपल्याकडे रिव्हॉल्व्हर आठवतं. पण १८८० च्या दशकापासून बर्मिंगहॅममधल्या वीमन स्ट्रीटवरच्या या कारखान्यानं दुनळ्याही खूप बनवल्या, आणि त्यातल्या कितीतरी दुसऱ्यांच्या नावानं विकल्या गेल्या. लंडनच्या, एडिंबराच्या, कलकत्त्याच्या दुकानांची नावं पट्टीवर कोरून द्यायची, हाच तिथला धंदा होता. १८९७ मध्ये वेब्ली, स्कॉट आणि एलिस या तीन घराण्यांचे कारखाने एकत्र आले, आणि १९०६ पासून नुसतं 'वेब्ली अँड स्कॉट' हे नाव राहिलं.

मला वाटलं, झालं, बनवणारा सापडला. घरी येऊन खुलासा लिहायला घेतला. पण बर्मिंगहॅमच्या त्या बंदूकपेठेबद्दल वाचत गेले तसा 'बनवणारा' हा शब्दच हातातून सुटत गेला. वीमन स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट, स्टीलहाउस लेन अशा गल्ल्यांत एकेका खोलीत एकेक कसब. कुणी नळी भोकणारा, कुणी ती घासून गुळगुळीत करणारा. कुणी फक्त खटके घडवायचा, कुणी अक्रोडाच्या फळीतून दस्ता काढायचा. कुणाकडे नुसते स्क्रू, कुणाकडे नक्षी, कुणाकडे नळ्यांना तो तपकिरी-काळा गंज चढवण्याचं काम. अर्धवट बंदुका घेऊन पोरं या खोलीतून त्या खोलीत धावायची. मोठा कारखाना असला तरी कामाची वाटणी हीच. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात शहराचा रिंग रोड काढताना या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. आमच्या पेठांमधली तांबट आळी, बुरूड आळी डोळ्यांपुढे आणली की ती वस्ती मला दिसते, आणि ती पाडली जाण्याचा अर्थही कळतो.

मी पुन्हा मिस्त्रींकडे गेले. नळ्यांच्या पोटाखाली, डाकाच्या रेषेजवळ, अगदी पुसट, शिक्क्यानं नव्हे तर हातानं ओरखडलेली दोन अक्षरं होती. एच आणि बी. कामाचे पैसे मागताना आपला नग ओळखता यावा म्हणून कारागीर अशा खुणा करत. मी त्यांचा फोटो काढला नाही, वहीत उतरवून घेतली.

आता विक्रीचा कागद उरला होता. पर्डी, हॉलंड, रिग्बी अशा लंडनच्या मानाच्या घरांच्या जुन्या वह्या टिकून आहेत. क्रमांक कळवला की कोणत्या गिऱ्हाइकासाठी, कधी, किती लांबीच्या नळ्यांची बनवली, हे कळतं. बर्मिंगहॅमच्या निनावी मालाला असं भाग्य क्वचित. पण आमच्या दुनळीचं नशीब तिच्या दुकानात होतं. १९७३ मध्ये आर्मी अँड नेव्ही भांडारं हाउस ऑफ फ्रेझरनं विकत घेतली. तो समूह मूळचा ग्लासगोचा, म्हणून त्याचं दप्तर ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात गेलं आणि त्यात लंडनच्या दुकानाच्या बंदूक-विक्रीच्या वह्याही गेल्या. मी दस्त्याखालच्या पट्टीवरचा क्रमांक लिहून पत्र पाठवलं.

उत्तर आलं त्या दिवशी मुसळधार पाऊस होता, वीज नव्हती, मी ते फोनवर दाराशी उभी राहून वाचलं. एकच ओळ. मार्च १९०९. दुहेरी नळीची रायफल, ४५०/४००. माल वेब्लीकडून आलेला. घेणारा एक कॅप्टन, हिंदी फौजेतल्या एका पलटणीचा. त्याचं नाव त्यात आहे, पण ते इथं लिहीत नाही. त्याच्या घरचं कुणी कुठंतरी असेल.

१८७८ च्या हत्यार कायद्यानं हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. तो कॅप्टन ही रायफल घेऊन मुंबईच्या बंदरात उतरला तेव्हा त्याला कुणी 'बनवणारा कोण' असं विचारलं नसणार. कागद सुरू झाले ते आजोबांपासून. म्हणून मी आजोबांच्या कागदांकडे वळले.

बाबांच्या ट्रंकेत जुन्या परवान्यांची पुस्तकं एका फडक्यात बांधलेली होती. सगळ्यांत खालचं, कव्हर नसलेलं, आजोबांचं. बाबांनी ते कधी उघडलं होतं की नाही, कोण जाणे. शाई फिकी झालेली, पण अक्षर आजोबांचं नव्हे, कुठल्यातरी कारकुनाचं सुबक वळणाचं. हत्यार कसं मिळालं त्या जागी लिहिलं होतं: अमुक साहेबांकडून खरेदी, रुपये ३५०, नोव्हेंबर १९४७.

बक्षीस नव्हतं. साहेब लोक सामान विकून परत चालले होते, त्यांच्यातल्या एकाकडून आजोबांनी ती विकत घेतली होती.

त्या रात्री मला जिम कॉर्बेटची रायफल आठवत राहिली. रिग्बीची २७५ बोअरची, तिच्या दस्त्यावर चांदीची लहान पट्टी आहे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरनं ती भेट दिली, असं त्या पट्टीवर कोरलंय. त्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसं सांगतात. २०१५ मध्ये रिग्बीनं ती रायफल पुन्हा मिळवली आणि पुढच्या वर्षी ती भारतात आणून दाखवली. लोक तिच्याकडे बघून म्हणतात, हीच ती, हिनंच मारली. पण वाघीण मेली तेव्हा ही रायफल कॉर्बेटच्या हातात नव्हतीच. ती वाघिणीनंतरची. त्या दिवशी त्याच्याजवळ ५०० ची रायफल आणि तीनच काडतुसं होती, आणि शेवट झाला तो तहसीलदाराच्या छऱ्याच्या बंदुकीनं. पट्टीवर एक शब्दही खोटा नाही, तरी माणसं तिच्यात हवी ती गोष्ट वाचतात. आमच्या दुनळीला चांदीची पट्टी नव्हती, तरी आम्ही तिच्यावर महाराज लिहिले होते.

आत्याला सांगायचं कसं, याची मला धास्ती होती. आत्या आता शहाऐंशी वर्षांची आहे. आजोबांची ती एकुलती एक लेक. दुनळी साफ करताना त्यांच्या शेजारी बसून चिंध्या फाडून देण्याचं काम तिचं असे. रंगून तेलाचा वास आणि दस्त्याला लावायचं जवसाचं तेल यांची नावं तिनंच मला शिकवली. आजोबांनी त्या दुनळीनं किती बार काढले हे तिला बोटांवर सांगता येतं. शेतात घुसलेला एक पिसाळलेला गवा, आणि एक जखमी होऊन ओढ्यात पडलेला सांबर. बाकी ती खांद्यावर असायची, एवढंच. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात गेलं, १९५८ मध्ये दाजीपूरचं अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. ज्या जंगलात हाके निघायचे तिथंच आजोबा निवृत्त होईपर्यंत गव्यांची राखण करत फिरले. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा ते हयात होते. त्या दिवशी त्यांनी दुनळी घोंगडीत बांधली, ती पुन्हा स्वतः सोडली नाही, असं बाबा सांगत.

मी आत्याला आधी ग्लासगोची ओळ वाचून दाखवली. मग ते पुस्तक तिच्या हातात दिलं. भिंगाशिवाय तिला वाचता येईना, म्हणून मीच वाचलं. नोव्हेंबर १९४७, रुपये साडेतीनशे.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या दिवाळीला आईच्या हातात पाटल्या नव्हत्या."

मला कळेना.

"मी नऊ वर्षांची होते. पाटल्या कुठं गेल्या विचारलं, तर आई म्हणाली, पॉलिशला दिल्यात. त्या आल्याच नाहीत कधी. पुढं काचेच्याच घालायची." ती पुन्हा थांबली. "साडेतीनशे रुपये अण्णांकडं कुठले? पगार तो केवढा."

म्हणजे बक्षिसाची गोष्ट आजोबांनी रचली होती का? की आजीनंच, चार बायकांत विचारणा होऊ नये म्हणून? आत्यानं यातलं काही बोलून दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. नळ्या ओढणारे, पाचर सरकवणारे, एच बी नावाचा तो कुणी, आणि त्यांच्या रांगेत आता आजीच्या पाटल्या. कचेरीच्या रकान्यात मी 'वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. विक्रेते आर्मी अँड नेव्ही, लंडन' असं लिहिलं, सोबत ग्लासगोच्या पत्राची प्रत जोडली. त्या गृहस्थांनी ती पूर्ण वाचली, १९०९ या आकड्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि कागद पुढच्या टेबलाकडे सरकवला. परवाना झाला. दुनळी घरी आली.

मी ती आत्याच्या खोलीत नेऊन पलंगावर ठेवली, घोंगडी सोडली. आत्यानं पट्टीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग दस्त्यावरून, जिथं गालाच्या घासण्यानं लाकूड काळसर झालंय तिथून.

"मग ही महाराजांची नव्हंच," ती म्हणाली.

"नाही, आत्या."

"बरं." तिनं उशीखालचा जुना सुती पदराचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. "जवस तेल फडताळात खालच्या कप्प्यात आहे. नळ्यांना लावू नकोस, फक्त लाकडाला. पावसाळ्यात ओल धरते ती."